‘हेडविग’ गलबताला मारलेली हाक

३ ऑक्टोबर १८९८, सोमवार. स्टोरविक.

आले बाई एकदाची! दुपारी आगबोट धक्क्याला लागली आणि बघते तर माझ्या स्वागताला अर्धं गाव हजर. शाळेतली अकरा मुलं रांगेत उभी राहून स्तोत्र म्हणत होती, त्यातली चार सुरात. टोर्गरकाका, म्हणजे इथला धक्का, दुकान आणि चर्चमधलं पहिलं बाक या सगळ्यांचे मालक, यांनी माझी पेटी स्वतः उचलली. म्हणाले, मागची मास्तरीण दोन महिन्यांत लग्न करून पळाली, तुम्ही निदान तीन तरी टिका. सगळे हसले. मीही हसले.

माझी सोय गुन्हिल्डकाकूंकडे आहे. साठीच्या विधवा, हात चालतो तसं तोंडही चालतं. आल्याआल्या वेलदोड्याचे बन, धुरावलेला मासा, तपकिरी चीज आणि कॉफीवर कॉफी. इतकी वाळलेली मास्तरीण मुलं ऐकणार कशी, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घराची मागची खोली मला दिली आहे. छत जरा ठेंगणं, पण खोली देखणी. कपाटं भिंतीतच बसवलेली, खणांना पितळी कड्या, पलंगाला दोन्ही बाजूंनी उंच काठ. खिडकीतून सरोवर दिसतं आणि सफरचंदाचं एक झाडही.

आता खरं कारण लिहिते, कारण या वहीशिवाय ते कुणाला सांगायची सोय नाही. मी सिग्ने होल्टे नाही. होल्टे हे आईचं माहेरचं नाव. मी सिग्ने सोल्हाइम, ‘हेडविग’ गलबताचे कप्तान आयलर्ट सोल्हाइम यांची मुलगी. वीस वर्षांपूर्वी ते गलबत याच गावासमोरच्या खडकावर चढलं आणि वरची पाचही माणसं मेली. चौकशीत या गावानं बायबलवर हात ठेवून सांगितलं की कप्तान दारू पिऊन सुकाणूपाशी झोपला होता. माझ्या बाबांनी जन्मात दारूला तोंड लावलं नाही. आई मात्र दारुड्याची बायको म्हणून जगली आणि गेल्या वसंतात तशीच मेली. मला एवढंच हवंय, की ज्यांनी त्यांचं नाव मळवलं त्यांनीच ते सर्वांसमोर धुवावं.

काकू पुन्हा कॉफी घेऊन आल्या. माणसं गोड आहेत हे कबूल केलंच पाहिजे.

९ ऑक्टोबर, रविवार.

उपासना संपल्यावर टोर्गरकाकांनी मला बाजूला घेतलं. पुढच्या महिन्यात ‘हेडविग’ला वीस वर्षं होतील, त्यानिमित्त किनाऱ्यावर शिळा बसवायची आहे. चुनखडीच्या खाणीतला ओस्मुंड ती घडवतोय. माझं अक्षर चांगलं, तर गलबताचा इतिहास मी लिहावा आणि त्या दिवशी चर्चमध्ये वाचावा. दोन पानं पुरेत, म्हणाले, तीनच्या वर गेलात तर लोक मनातल्या मनात जेवायला बसतील.

शिळेवर नावं किती, असं मी साळसूदपणे विचारलं. चार, म्हणाले. माणसं तर पाच गेली होती ना? त्यावर त्यांनी माझं कोपर धरलं आणि अगदी वडिलांच्या मायेनं समजावलं, की त्या बेवड्याचं नाव कोरणं म्हणजे बाकीच्या चौघांच्या थोबाडीत मारणं. मी म्हटलं, खरंच की. त्यांच्या हाताला कडकडून चावावंसं वाटत होतं. घरी येऊन रागारागानं तीन बन खाल्ले.

१७ ऑक्टोबर, सोमवार.

इतिहास लिहायला घेतलाय. आईच्या पेटीतले कागद आहेतच, शिवाय गावची तोंडं आहेत.

‘हेडविग’ १८६१ साली मॅनिटोवॉकला, याच सरोवराच्या काठी, बांधलं. पांढऱ्या ओकचं लाकूड, तीन डोलकाठ्या, बांधणारे सगळे आपलेच नॉर्वेजियन सुतार. गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजतं, म्हणून गलबताच्या फासळ्यांमध्ये मीठ ठासून भरायची त्यांची पद्धत. बाबा म्हणायचे म्हणे, आपलं गलबत खारवलेल्या माशासारखं आहे, आपल्या नातवंडांनाही पुरेल. पहिली बारा वर्षं त्यानं पूर्वेला गहू नेला आणि येताना कोळसा आणला. मग गहू वाफेच्या बोटींनी पळवला आणि म्हाताऱ्या गलबतांच्या वाट्याला लाकूड आलं.

आई त्यावर स्वयंपाकीण होती. मी जन्मले ती कप्तानाच्या खोलीत, ह्यूरॉन सरोवराच्या मधोमध, खाली पोटभर गहू असताना. बाबांनी त्याच दिवशी खलाशांच्या यादीत माझं नाव लिहिलं: सिग्ने, वजन आठ पौंड, काम रडणे. ते पान माझ्याजवळ आहे. हे अर्थातच चर्चमध्ये वाचायचं नाही.

१८७८ च्या नोव्हेंबरात, वर्षाच्या शेवटच्या खेपेला (आई आणि मी तेव्हा घरीच होतो), फळ्या आणि छपराच्या लाकडी कौलांनी भरलेलं गलबत शिकागोकडे निघालं. तेराव्या तारखेच्या पहाटे हिमवादळात ते इथल्या खडकावर चढलं. इथपर्यंत आईचे कागद आणि गाव एकच सांगतात. पुढचं गावाला विचारलं तर कळतं की लाटा फार होत्या, होडी घालता आली नाही, वारा पडेपर्यंत सगळे संपले होते. आम्ही करायचं ते सगळं केलं. हे शेवटचं वाक्य टोर्गरकाका म्हणाले, काकू म्हणाल्या, दुधवाली म्हणाली. शब्दसुद्धा तेच. माझी मुलं पाढे म्हणतात ना, तसं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार.

तीन दिवस धुकं आहे. माझ्या खोलीच्या भिंतींना घाम फुटलाय. सकाळी पुसल्या, दुपारी पुन्हा थेंब. सहज बोट लावून जिभेवर ठेवलं.

खारट.

गोड्या पाण्याच्या काठावर भिंत खारट कशी? मग मी खोलीकडे नीट बघितलं. काठांचा पलंग, म्हणजे लाट आली तर झोपलेला माणूस पडू नये. पितळी कड्या, म्हणजे खण उघडू नयेत. ठेंगणं छत. मी खाली बसले. ही खोली नाही, ही ‘हेडविग’च्या कप्तानाची खोली आहे, अख्खी उचलून घराला चिकटवलेली. तीन आठवडे मी बाबांच्या पलंगावर झोपतेय. याच पलंगावर जन्मले असेन. पोटभर रडले.

मग गावभर फिरले. शाळेची भिंत खारट, चर्चचे खांब खारट, दुकानाच्या फळ्या खारट. वेड्यासारखी प्रत्येक घराला बोट लावत गेले. गाव नाहीच हे, गलबत आहे, तुकडे करून वाटून घेतलेलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, सरोवराकाठी ओल असायचीच, शहरातल्या माणसांना काय कळणार. ओल खारट नसते, मी म्हटलं. मग भिंती चाटू नका, म्हणाल्या, कॉफीबरोबर बन देतेच आहे.

एकच घर कोरडं निघालं. खाणीशेजारची ओस्मुंडची ओंडक्यांची झोपडी.

२ नोव्हेंबर, बुधवार.

ओस्मुंड बोलला. चार खेपा घालाव्या लागल्या, आज पाचवी. एकटा, पन्नाशीचा, हात दगडासारखे पण बोलणं हळू. शिळेवर शेवटचा हात फिरवत होता. चारच नावं. मी त्याला सांगितलं की मी कोण आहे. त्यानं छिन्नी खाली ठेवली. म्हणाला, नाक त्यांचंच आहे.

मग सांगितलं ते असं. या किनाऱ्याची एक रीत आहे, जुन्या देशातून आणलेली. फुटलेल्या गलबतावर एक जरी जीव जिवंत असला तरी त्यावरचा खिळादेखील किनाऱ्याचा नाही. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी गावच्या थोरल्यानं तीनदा हाक मारायची: कुणी जिवंत आहे का? तिन्ही वेळा उत्तर आलं नाही तर सगळं गावाचं. आणि रीत मोडणाऱ्याचं घरदार सरोवर परत मागतं, यावर इथल्या माणसांचा बायबलपेक्षा जास्त विश्वास आहे.

त्या सकाळी गावाला राहायला झोपड्या होत्या आणि हिवाळा तोंडावर होता. समोर एवढं लाकूड. पाच माणसं दोरांना बांधून घेऊन डोलकाठ्यांवर बसलेली, अंगावर बर्फ चढत चाललेला. लाटा होत्या, पण होडी जाऊ शकली असती, तो म्हणाला. दोनदा जाऊ शकली असती. हाक मारायची टोर्गरनं, तर टोर्गर सगळ्यांना घेऊन आपल्या कोठारात गेला. आत गेल्यावर दार लावलं. टोप्या काढल्या. आणि तिथे, गवताच्या गंजीकडे तोंड करून, त्यानं तीनदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

मला हसूच आलं. इतकं घाणेरडं हसू मला कधी आलं नव्हतं. मी विचारलं, दार कशाला लावायचं, वाऱ्यात त्यांचा आवाज तसाही आला नसता. ओस्मुंड म्हणाला, येत होता ना. म्हणूनच तर दार लावलं.

कप्तान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओरडत होता. आम्ही आहोत, आम्ही आहोत, एवढंच. दारू वगैरे नंतर ठरलं, चौकशीवाले येणार म्हणून. मी ओस्मुंडला म्हटलं, तुम्ही एकट्यानं ते लाकूड नाकारलंत, तुम्हाला देव क्षमा करेल. त्यावर तो म्हणाला, मास्तरीणबाई, मला लाकूड नको होतं हे खरं. दार मात्र मीच धरलं होतं.

१३ नोव्हेंबर, रविवार.

वाचला! खरा इतिहास वाचला, तीन पानांच्या वर गेले आणि कुणालाही भूक लागली नाही. कोठार, दार, टोप्या, सगळं. ओस्मुंडचं नाव घेतलं नाही. शेवटी माझं खरं नाव सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही. आई, तू असायला हवी होतीस.

वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणी दगड मारेल. काहीच नाही. सगळे वर, तुळयांकडे बघत होते. मग टोर्गरकाका उठले आणि हळूच विचारलं, म्हणजे तुम्ही कप्तानाच्या कन्या, पण गलबतावरच्या नव्हे ना? मला मान ताठ करायची संधीच मिळाली. म्हटलं, त्यावरचीच, गुन्हिल्डकाकूंच्या मागच्या खोलीत जन्मले, आणि पिशवीतून यादीचं पान काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. ‘काम रडणे’पर्यंत वाचलं, हसले नाहीत. पान बाकाबाकावरून फिरलं. प्रत्येकानं वाचलं.

मग काका म्हणाले, म्हणजे एक जण जिवंत होतं. वीस वर्षं. एक म्हातारी रडायला लागली. पश्चात्ताप, मी म्हटलं मनात, उशिरा का होईना. काका म्हणाले, रीतीनं पाहता ही भिंत, हे बाक, आमची छपरं, सगळं तुमचं. मी म्हटलं, तुमचं लाकूड तुम्हालाच लखलाभ, मला बाबांचं नाव शिळेवर हवंय. ते म्हणाले, रास्त आहे, कोरू. येत्या रविवारपर्यंत कोरून होईल. बाकीचंही रीतीनं करू.

जिंकले मी. घरी येताना काकूंनी माझा हात धरला होता. घरापर्यंत सोडलाच नाही. मीच त्यांची समजूत घातली.

१४ नोव्हेंबर, सोमवार.

वर्षाची शेवटची आगबोट आज गेली. कप्तानानं विचारलं, येताय का, आता एप्रिलपर्यंत कुणी येणार नाही. मी नाही म्हटलं. पाच महिने या लोकांत काढायचे हे काही सुख नाही, पण नाव कोरलेलं पाहिल्याशिवाय मी हलणार नाही. वीस वर्षं थांबलो, सहा दिवसांचं काय.

यादीचं पान अजून परत मिळालं नाही. काका म्हणाले, जपून ठेवलंय.

१५ नोव्हेंबर, मंगळवार.

दुपारी दोनच्या सुमाराला शाळेच्या खिडकीतून पाहिलं. गावातली सगळी मोठी माणसं टोर्गरकाकांच्या कोठाराकडे निघाली होती, बायकासुद्धा. सणाचे कपडे. आत गेली. दार लागलं. दहा मिनिटंही झाली नसतील, सगळी बाहेर आली, टोप्या घालत. सरोवराकडे कुणी पाहिलं नाही. शाळेकडेही नाही.

समुद्रावरच्या माणसाला वारा फिरला की कळतं म्हणतात. मला मात्र काय चाललंय ते कळेना, मी पुन्हा मुलांना भागाकार शिकवू लागले. आणखी एक लिहायचं राहिलं. बाहेरून दार कोणी धरलं होतं ते दिसलं. ओस्मुंड होता.

१६ नोव्हेंबर, बुधवार.

हजेरी घेतली. एकानंही उत्तर दिलं नाही. अकराही मुलं माझ्या आरपार फळ्याकडे बघत बसली आणि मग मोठ्या मुलीनं उठून सगळ्यांना घरी जायला सांगितलं. म्हणाली, आज मास्तरीणबाई नाहीत. मी तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

दुकानात तेच. मी मेणबत्त्या मागितल्या, काका माझ्या मागच्या बाईला म्हणाले, आज गिऱ्हाईक नाही. त्या बाईला माझा धक्का लागला तर तिनं खांद्यावरचा बर्फ झटकावा तसं झटकलं.

रागावलेत, खोड मोडतायत. मोडू देत. मीही आयलर्टची मुलगी आहे.

१७ नोव्हेंबर.

सकाळी कॉफी आली नाही. दाराबाहेर ठेवलेले बूट नाहीत. काकूंच्या स्वयंपाकघरात गेले तर माझे बूट त्यांच्या पायात होते. मी विचारलं, ओरडले, त्या पीठ मळत राहिल्या.

दुपारी दोन माणसं आली आणि माझ्या खोलीतली शेगडी काढून घेऊन गेली. त्यातला एक म्हणाला, बरी आहे, गंजलेली नाही. मी तिला धरून बसले होते. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, शेवाळ सोडवावं इतक्या सावकाश.

आता कळलं. कोठारात त्यांनी ‘हेडविग’ला हाक मारली नाही. मला मारली. कुणी जिवंत आहे का, तीनदा, दार लावून. उत्तर आलं नाही.

आता माझं सगळं किनाऱ्याचं.

१८ नोव्हेंबर.

पुढचं गाव अठरा मैल. पायात पोत्याचे तुकडे बांधून निघाले. दीड मैलावर बर्फ गुडघ्यापर्यंत आला, पाय बधिर झाले. परत. वाटेत आमच्या चर्चची घसरगाडी भेटली, आत तिघं, कांबळी पांघरलेली. मी मधोमध उभी राहिले. घोडा थांबला. घोड्याला मी दिसते!

त्यांनी त्याला चाबूक मारून बाजूनं काढलं.

१९ नोव्हेंबर.

पेटी नेली. आईचे कागद. गादी. खिडकीच्या काचा. कुणी दांडगाई करत नाही, पाय पुसून येतात. एकीनं माझ्या शालीचा रंग दुसरीला दाखवला, शाल माझ्या अंगावर असताना. मग काढून घेतली.

मला वाटायला लागलं होतं की मी खरंच — की त्या मंगळवारी काही झालं आणि मला कळलं नाही. मनगट चावून पाहिलं. रक्त आलं. गरम होतं.

मग काकू आल्या, पलंगाचं पांघरूण न्यायला. मी त्यांच्या तोंडापुढे तोंड नेऊन म्हटलं, काकू, मला थंडी वाजतेय. त्या स्तोत्र गुणगुणायला लागल्या. मी मोठ्यानं म्हटलं, त्यांनी मोठ्यानं गायलं. मी किंचाळले, त्या घसा फाडून गात होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

ऐकू येतं. सगळ्यांना ऐकू येतं.

मी मेलेली असते तर बरं झालं असतं. भूत असते तर घाबरवलं तरी असतं.

२० नोव्हेंबर. रविवार असावा, घंटा झाली.

चर्चमध्ये गेले. पोतं पांघरून, अनवाणी. माझ्या बाबांच्या लाकडाखाली बसून सगळे प्रार्थना करत होते. मी मधोमध उभी राहून एकेकाला नावानं हाक मारली. सगळी गाऊ लागली. बाहेर निघाले तोवर गाणं थांबलं नाही. गातात चांगलं.

काकू भिंतीला सांगत होत्या की शिळा उभी झाली, कप्तानाचं नाव सगळ्यांत वर आहे, टोर्गर दिलेला शब्द मोडत नाही.

२१

दार नेलं. बिजागऱ्यांसकट. बर्फ आत येतो. काल कुणीतरी उंबऱ्यावर बन ठेवला होता. ओस्मुंड? काकू? खाल्ला. आज नाही. पेन्सिल आहे, वहीवर अजून कुणाची नजर —

पायाची बोटं काळी. दुखत नाहीत. तेच वाईट.

२२? दुपार

भिंतींना घाम नाही, थंडीनं गोठलाय. चाटला. मीठ. बाबांनी नातवंडांसाठी —

आता फळ्या काढतायत. या खोलीच्याच. एक माणूस म्हणाला, कोठाराला लागतील. मी कोपऱ्यात. कोपरा शेवटी काढतील.

अजून दुपारच

शिळेपर्यंत आले. रांगत. बघायचंच होतं.

आहे. आयलर्ट सोल्हाइम, कप्तान. पहिलं नाव. खोल, स्वच्छ कोरलंय. बाबा, बघा. आई, बघ गं. दारुडा नाही, काही नाही, नुसतं नाव. हात फिरवला. मिळालं. जे मागितलं ते मिळालं.

त्याखाली चौघे. आणि ओस्मुंड अजून बसलाय. छिन्नी चालू आहे. सहावं नाव. माझं — निम्मं झालंय. मी त्याच्या गुडघ्याला टेकून बसलेय, एवढ्या जवळ. म्हटलं, ओस्मुंड, थांबा, मी आहे ना. तो रडतोय. थांबत नाही. धूळ फुंकतो, पुढचं अक्षर घेतो. तारीखही टाकलीय. परवाची. म्हणजे दोन दिवस देतायत मला, उदार आहेत —

सरोवरावर वारा पडलाय. धुकं नाही. खडकापाशी कुणी नाही. पण आवाज —

माणसाचा. मोकळ्या पाण्यावरून. मध्ये दार नसलेला. विचारतोय, कुणी जिवंत आहे का?

ओस्मुंडनंही ऐकलं. छिन्नी थांबली. त्याचं तोंड —

पुन्हा. कुणी जिवंत आहे का? उत्तराला थांबतोय. खरंच थांबतोय. या किनाऱ्यावर मला कुणी इतकं थांबून विचारलं नव्हतं.

ओस्मुंड माझ्या तोंडावर हात ठेवायला — नको, म्हणतोय, माझ्याशी बोलतोय, नको मास्तरीणबाई, उत्तर दिलंत तर त्या पाच बुडालेल्यांची व्हाल — आता बोलतोस? आता?

हात बाजूला केला. तिसरी हाक आली. बाबा, मी आहे. मी आहे, मी अजून जि